पेंढ्याच्या उडवीतलं भात

बदलापूरच्या पलीकडे, नदीकाठच्या गावात बाळाजीइतका गरीब शेतकरी दुसरा नव्हता. निदान सरकारी माणूस गावात असेपर्यंत तरी नव्हता. लेव्हीचं, म्हणजे सरकारला सक्तीनं घालायचं, भात ठरवायला तलाठी बांधावर आले की बाळाजी असा काही चेहरा करी, की घरात नुकतंच कोणी गेलंय असं वाटावं. करपा, कीड, रानडुकरं अशी सगळ्यांची नावं घेऊन तो रडगाणं लावी आणि बारा आणे आलेलं पीक बोलता बोलता सहा आण्यांवर आणून ठेवी.

गोऱ्या साहेबाच्या वेळीही त्यानं हेच केलं होतं. स्वराज्य आलं त्या दिवशी शाळामास्तरांनी हातावर पेढा ठेवला आणि म्हणाले, "आता आपलं सरकार, बाळाजी. आता खरं बोलायला हरकत नाही."

बाळाजीनं आधी पेढा खाल्ला. मग म्हणाला, "सरकार आपलं झालं, बरं झालं. पन मास्तर, भात कुनाचं झालं?"

मास्तर चरफडले. पण बाळाजी काही उगाच तिरकस नव्हता. लेव्हीचं भात उल्हासनगरच्या छावण्यांत निर्वासितांच्या पोटात जातं, असं त्याला दर साली सांगत. आठवड्यातून एकदा तो वांगी, दुधी घेऊन त्या छावण्यांत विकायला जाई. एकदा रेशनच्या रांगेतून बाहेर पडलेल्या एका सिंधी म्हातारीच्या पिशवीत त्यानं डोकावलं. आत तांबडा मायलो, ती परदेशी ज्वारी, त्यातही निम्मे खडे. "माय, चावल नहीं मिलता?" त्यानं आपल्या मोडक्या हिंदीत विचारलं. म्हातारी म्हणाली, "चावल तो सिंध में रह गया, भाई."

बाळाजी घरी आला तो हाच हिशेब करत. मी भात देतो, तिला ते मिळत नाही, मग मधे खातं कोण? देवळाच्या पायरीवर बसून त्यानं हे ज्याला त्याला विचारलं. कोणी म्हणालं, नवं राज्य आहे, वेळ लागेल. कोणी म्हणालं, निवडणुका येतायत, मग बघ. बाळाजीचं समाधान झालं नाही. पन्नास सालचं भात झोडून झालं, तेव्हा त्यानं आणि त्याच्या बायकोनं, विठानं, वीस पोती अंगणामागच्या पेंढ्याच्या उडवीत पोटाशी दडवली. घरातल्या कणगीत राहिलं त्यातलं बहुतेक लेव्हीला गेलं. उडवीतलं खायचं, म्हणजे पुढच्या दिवाळीपर्यंत चिंता नाही.

चिंता होती ती मुलाची. मधू लहानपणी आंब्यावरून पडला आणि एका पायानं अधू झाला. अंबरनाथच्या एका कारखान्यात बसून करायचं काम त्याला मिळालं होतं. स्वभावानं गाय. पण तीन घरांनी नाही म्हटलं होतं, तिसऱ्यानं तर त्याच्या तोंडावर. तेव्हापासून मधू लग्नाचा विषय निघाला की उठून जाई. अंबरनाथकडचे आण्णा आपल्या अंजनीसाठी घर बघायला येतो म्हणाले, तेव्हा विठानं नवस बोलून ठेवला.

मुलीच्या बापानं घर बघायचं म्हणजे कणगी बघायची. आण्णांनी बोटांच्या पेरांनी कणगी वाजवली. ढब् असा पोकळ आवाज आला. त्यांनी खाली वाजवली, वर वाजवली आणि पागोटं डोक्यावर ठेवलं.

"पोराच्या पायाचं मना काय नाय," ते म्हणाले, "पन पोर उपाशी राहाची, ता कसा चालल?"

बाळाजीनं हळूच उडवीची गोष्ट सांगितली. आण्णा हसले. "ज्याच्या त्याच्या उडवीत भात असतंच हो."

आयुष्यभर खोटं बोलून बाळाजीचं कधी अडलं नव्हतं. खरं बोलला तर कोणी मानीना! त्यानं आण्णांचा हात धरला, त्यांना अंगणामागे नेलं आणि उडवीत खांद्यापर्यंत हात घालायला लावला. आण्णांनी आतल्या पोत्यातलं मूठभर भात बाहेर काढलं, एक दाणा चावला. "झिनी! बारीक वाण!" ते म्हणाले, आणि सोयरीक तिथंच जमली.

माघात लग्न झालं. दुसऱ्या दिवशी बाळाजीच्या मांडवात जेवणावळ. तलाठ्यांना बोलावणं होतंच. ज्याला फसवायचं त्याला जेवायला बोलवायचं, ही गावाची जुनी रीत. पंगत बसली आणि मधूला नाकारणाऱ्या घरांपैकी एक जण भातावर वरण ओतून घेता घेता बोलला, "लंगड्याच्या घरात पोर लोटली बिचारी."

आण्णा ताडकन उठले. "लोटली? अरं, ह्या घराच्या उडवीत वीस पोती झिनी हाय! माझी पोर राज करल हितं!"

तलाठ्यांनी मान वर केली नाही, जेवण पुरं केलं, विडा खाल्ला आणि गेले. तिसऱ्या दिवशी माणसं आणि बैलगाड्या घेऊन आले. "बाळाजी, मी एकट्यानं ऐकलं असतं तर विसरलो असतो," ते म्हणाले. "शंभर माणसांत ऐकलं. आता काय करू?" उडवी उसकटली आणि वीसच्या वीस पोती गेली.

रेशनच्या कार्डासाठी बाळाजी कचेरीत गेला. तिथला कारकून म्हणाला, "तुम्ही पिकवणारे. पिकवणाऱ्याला कार्ड नाही." बाळाजी हसत घरी आला. ते हसणं बघून विठा घाबरली.

मग मधू आपल्या पगारातून, छावणीत कोणी विकायला काढलेला मायलो आणू लागला. वैशाखात आण्णा लेकीला भेटायला आले. अंजनीनं बापापुढं तांबडी भाकरी ठेवली. आण्णांनी भाकरीकडे पाहिलं, मग लेकीच्या हातांकडे. बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

"माझ्याच तोंडाना घात केला," आण्णा म्हणाले.

बाळाजीला त्यांच्यावर रागावता आलं नाही. सरकारला फसवताना त्याला कधी लाज वाटली नव्हती. या माणसाला त्यानं हात धरून भात दाखवलं होतं, त्याच्या भरवशावर पोर आणली होती, आणि ती आता त्याच्या डोळ्यांदेखत वाळत होती. ती लाज त्याला सोसवेना.

"आण्णा, पोरीला घेऊन जा. नवं भात येस्तवर ठेवा."

"मना नाय जाचं," अंजनी म्हणाली. मधू कामावर होता. तिनं दोनदा दाराकडे पाहिलं. तिचं गाठोडं शेवटी बाळाजीनंच बांधून दिलं.

बापलेक बांधाआड गेल्यावर विठानं विचारलं, "मधूला काय सांगाल?" अंजनी नसलेल्या घरात पोरानं अवचित पाय ठेवू नये, म्हणून उन्हं कलताच बाळाजी स्टेशनच्या वाटेला लागला.

मधू त्याला लांबूनच दिसला. लंगडत, पण घाईघाईनं येत होता, आणि हातातलं फडक्याचं गाठोडं वर धरून ओरडत होता, "बा, तांदूळ गावला! अंजनीला सांग, चूल पेटव!"