रिकामी स्ट्रिप

आमच्या गोरेगावच्या ऑफिसात औषधांची बिलं पास करणारा एक गृहस्थ आहे. बिलासोबत गोळ्यांची रिकामी स्ट्रिप दिल्याशिवाय तो सही करत नाही. ती उजेडाकडे धरतो, छापील किंमत पुटपुटत वाचतो आणि बिलाशी ताडून बघतो. "कागद काय, कोणीपण छापतं," हे त्याचं ठरलेलं वाक्य. सगळे त्याला वैतागतात. मीही वैतागायचे.

औषधं ठरलेल्या केमिस्टकडूनच घ्यायची आणि एप्रिल ते मार्च अशा वर्षात ठरावीक रकमेपर्यंत पैसे कंपनी भरणार, अशी आमची सोय आहे. यंदा आईच्या हृदयाच्या गोळ्यांमुळे माझी रक्कम डिसेंबरातच संपली. तरी मी बिल त्याच्यासमोर ठेवलं. त्याने केमिस्टची फाइल काढली, बराच वेळ चाळली आणि मला दाखवली. केमिस्ट प्रत्येक स्ट्रिपमागे कंपनीला सूट देत होता, आमच्या रकमेतून मात्र पूर्ण छापील किंमत कापली जात होती.

तो उठला, ड्रॉवरमधली स्ट्रिपांची पिशवी घेऊन थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेला आणि ती टेबलावर रिकामी केली.

"आजारी हिची आई, आणि सूट आपल्याला? असं नाय चालत साहेब. सही करताना वाचत जा ना जरा."

सूट आमच्या रकमेत परत जमा झाली. त्यात आईच्या गोळ्यांचं मार्चपर्यंत भागलं. पुढचं बिल द्यायला गेले तेव्हा मी त्याच्यासाठी आईने केलेले लाडू नेले. त्याने एक चवीने खाल्ला, हात पुसले आणि माझं बिल परत सरकवलं.

"स्ट्रिप कुठाय गं?"