परत आलेला बॉम्ब

माझा मामा भित्रा होता. घरात पाल दिसली तरी पलंगावर चढायचा. असा माणूस दुसऱ्या महायुद्धात विलायतेत विमानांना बॉम्ब बसवायच्या कामाला कसा लागला, हे आमच्या आईलाही, म्हणजे त्याच्या सख्ख्या बहिणीलाही, शेवटपर्यंत कोडंच होतं.

त्यातही त्याच्या वाट्याला दहा टनी बॉम्ब आला. तो मावेना म्हणून विमानाच्या पोटाची दारंच काढून टाकली होती. अर्धा बॉम्ब उघड्यावर लोंबायचा. शेपटीत तळहाताएवढे तीन पंखे. बॉम्ब पडताना वाऱ्याने ते फिरले की तो जागा झाला, मग धक्का लागताच फुटायचा. जमिनीवर फिरू नयेत म्हणून प्रत्येकात एक पिन, आणि उड्डाणात पिनांऐवजी पंख्यांना तार धरून ठेवायची. विमान निघताना मामा पिना काढून खिशात टाकायचा. ज्याने काढल्या त्यानेच परत घालायच्या, असा नियम.

परत घालायची वेळ सहसा येत नसे. टाकता न आलेले साधे बॉम्ब समुद्रात सोडून देत. पण ह्यात वितळवून ओतलेलं स्फोटक थंड व्हायलाच महिना लागायचा. म्हणून वरून हुकूम आला, फेकायचा नाही, घेऊन या. हुकूम काढणाऱ्यांचं काय जातंय! ते काही धावपट्टीवर उभे नव्हते.

एका दुपारी ढगांमुळे लक्ष्य दिसलं नाही आणि विमान बॉम्बसकट उतरलं. सगळे खंदकात पळाले. मामाची पाचावर धारण बसली.

"जमणार नसेल तर सांग," मुकादम म्हणाला.

"जमणार नाहीच. पण पिना माझ्या खिशात आहेत ना," मामा म्हणाला आणि निघाला. वाटेत विजार ओली झाली, हे तो स्वतःच सांगायचा, न लाजता.

दोन पिना बसल्या. तिसऱ्या पंख्याची तार तुटली होती. तो किती फिरलाय, देव जाणे. पिनेचं भोक समोर येईना. पंखा बोटाने उलटा फिरवायला हवा होता, आणि भलतीकडे फिरवला तर मामाच काय, खंदकही उरला नसता. डावीकडे की उजवीकडे? बॉम्ब चढवण्याआधी पिना घालणं नेहमीचंच काम, पण आठवेना. शेवटी त्याने डोळे मिटले आणि भोक जुळवताना हात वळायचा तसा नुसता हवेत वळू दिला. हात डावीकडे वळला. त्याने पंखा डावीकडे फिरवला. पिन आत गेली.

तोवर विमानातच थांबलेला वैमानिक खाली आला, घटाघटा पाणी प्यायला. म्हणाला, "उद्या आभाळ मोकळं आहे. हाच नेतो."

सकाळी मामाने त्याच पिना काढल्या. मग दिवसभर आभाळाकडे बघत देवाला एकच मागत राहिला, तो बॉम्ब परत येऊ नये. संध्याकाळी विमान आलं. पोट रिकामं होतं. मामा आनंदाने रडला.

म्हातारपणी गोष्ट सांगताना तो इथेच थांबायचा. एकदा आई म्हणाली, "म्हणजे देवाने ऐकलं की रे, दादा."

"ऐकलं ना," मामा म्हणाला. "अगं, तो लोकांवर पडू दे, असंच मागितलं होतं मी. तेव्हापासून देवाकडे काही मागायचीच भीती वाटते."