परत जायचं ठरलं होतं

त्या वर्षी जुलैत आम्ही कायमचे पुण्याला परत जाणार होतो. मुलीसाठी शाळा बघून ठेवली होती. पुण्यात माझं दातांचं क्लिनिक होतं, ते पार्टनर मैत्रीण एकटी सांभाळत माझी वाट बघत होती. नवऱ्याच्या नोकरीसाठी ‘दोनच वर्षं’ म्हणून आम्ही नेदरलँड्समधल्या बेस्ट या गावी आलो, त्याची पाच झाली होती. मग कोरोना आला, विमानं बंद झाली. “आता आपल्या हातात काय आहे?” नवरा म्हणाला. मीही मनाची तशीच समजूत घातली. ऑगस्टमध्ये, निदान घराबाहेर तरी पडू म्हणून, तंबू घेऊन उत्तरेकडच्या ड्रेंथ प्रांतात गेलो.

सकाळी माळावरची लांबची पायवाट धरली. हेदरची झुडपं फुलल्यामुळे नजर जाईल तिथवर जांभळं दिसत होतं. नवरा मोबाइलवर नकाशा बघत पुढे, मी आणि नऊ वर्षांची मुलगी मागे. मी मराठीत काही विचारायचे, ती डचमध्ये उत्तर द्यायची. ऊन तापलं, सावली कुठेच नव्हती. एका बाकावर एक डच आजी बसल्या होत्या. त्यांच्यापासून अंतर राखून आम्ही दोघी गवतात टेकलो. पुढे वाट कुठे फुटते ते बघायला नवरा गेला.

“आता शाळा सुरू होणार, खूश आहेस का?” आजींनी मुलीला विचारलं.

“हो! आम्ही भारतात जाणार होतो, पण आता नाही. बाबाने ऑफिसमध्ये सांगितलंय, आम्ही इथेच राहणार. कोरोनाच्या आधीच सांगितलंय.”

माझं डच मोडकंतोडकं, पण एवढं कळायला पुरेसं होतं.

“तुला हे कोणी सांगितलं?” मी मराठीत विचारलं.

तिचा चेहरा पडला. “बाबाने. तुला सांगायचं नव्हतं.” या वेळी मात्र ती मराठीत बोलली.

नवरा परत आला. मी उठून त्याला बाजूला घेतलं.

“तू कंपनीला कधी हो म्हणालास?”

त्याने मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “सांगणारच होतो. पण मग सगळंच बंद झालं. आता काय फरक पडतो?”

“पडतो. विमानं बंद व्हायच्या आधी तू ठरवलंस. आणि माझ्यापासून लपवायला तिला सांगितलंस.”

“तिला इथे आवडतं गं.”

“आणि मला?”

त्याने मोबाइलवर पुन्हा नकाशा उघडला. आजींनी आमच्याकडे पाठ करून पिशवी आवरायला घेतली. भाषा कळत नसली तरी भांडण कळत असावं.

आम्ही माळाच्या अगदी मधोमध होतो. मागे फिरलं काय नि पुढे गेलं काय, चालायचं तेवढंच. तिघं एका ओळीत चालत राहिलो. मुलगी मधूनमधून माझा हात धरायला बघत होती. मी तो धरला, पण तिच्याकडे बघवत नव्हतं. तिची काहीच चूक नव्हती, तरी मला तिचा राग येत होता.

पुढच्या वसंतात आम्ही बेस्टला घर घेतलं. मैत्रिणीने क्लिनिकमध्ये दुसरी डॉक्टर घेतली. मी इथे एका दवाखान्यात असिस्टंट म्हणून लागले. दुसरा डॉक्टर दात कोरतो, मी पेशंटच्या तोंडातलं पाणी ओढून घेते.

घरी मराठी मंडळी येतात, कधीतरी विषय निघतोच. “तुम्ही तर जाणार होतात ना? कोरोनामुळे अडकलात!”

“हो ना,” नवरा म्हणतो, “काय करणार!” तेव्हा मी कोणाला आणखी चहा हवा का ते विचारते.