मामांचा उजवा पाय

मामांचा उजवा पाय थांबलेला मी कधी पाहिला नव्हता. खाटेवर बसले की खाट कुरकुरायची, बाकावर बसले की शेजारचा माणूस वैतागून उठायचा. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा त्यांनी आम्हाला चहा पाजला, दोन प्रश्न विचारले आणि "तुमचं चालू द्या" म्हणून उठून गेले. अर्ध्या तासानं दारात उभे राहून म्हणाले, "मागं चिंचंवर पिंगळ्याची जोडी हाय. बघणार काय, पावणं?" त्या दिवशी मी संगीताच्या आधी घुबडं पाहिली.

मामा म्हणजे माझे सासरे. कागलजवळ त्यांचं उसाच्या ट्रॉल्या जोडण्या-दुरुस्त करण्याचं वर्कशॉप होतं. आमच्या लग्नानंतर वर्षभरात मामी गेल्या आणि मामांना घर खायला उठू लागलं. साखर कारखान्याचा हंगाम संपला की ट्रॉल्या रिकाम्या पडतात. त्यातल्या एकीवर मामांनी लोखंडी कमानी जोडल्या, वर ताडपत्री ताणली, आत खाट, स्टोव्ह आणि पाण्याचा कॅन ठेवला. खिळ्याला दुर्बीण अडकवली. मे महिन्यात धाकट्या भावाचा ट्रॅक्टर जोडायचा आणि पंधरा-वीस दिवस पाखरं बघत हिंडायचं, असा त्यांचा नेम सुरू झाला. आमचा कोचिंग क्लास मे महिन्यात बंद असायचा, म्हणून संगीता मला त्यांच्याबरोबर धाडायची. तिचं एकच मागणं असायचं, "या वेळी आबांना घरी घेऊनच या. एकटे राहून ते असेच कुठंतरी रस्त्यात संपतील."

हिंडणं म्हणजे काय हिंडणं! पहाटे टाऊन हॉलच्या बागेबाहेर ट्रॉली लागायची. लोक विचारायचे, "वऱ्हाड कुठलं म्हणायचं?" मामा म्हणायचे, "वऱ्हाड आत झाडावर हाय." तांबट दिसला की दुर्बीण माझ्या हातात द्यायचे, आणि मी ती डोळ्याला लावून चाक फिरवेपर्यंत हे पुढच्या झाडाखाली. "बघितलासा न्हवं? चला फुडं." तिथून रंकाळा, तिथून विद्यापीठाचा माळ, दुसऱ्या दिवशी राधानगरीचा रस्ता. एका जागी दोन रात्री ट्रॉली कधी थांबली नाही. मी दिवसभर खुर्चीत बसून गणितं शिकवणारा माणूस. त्या ट्रॉलीत माझी हाडं खिळखिळी व्हायची आणि पाखरांची फक्त शेपटं दिसायची. चार वर्षांत धनेश मी एकदाच नीट पाहिला, तोही मामा पंक्चर काढत होते म्हणून.

संगीताचा निरोप सांगायला मी तोंड उघडलं रे उघडलं की त्यांना पाखरू दिसायचं. "मामा, राजारामपुरीत आमच्याकडं एक खोली रिकामीच..." "थांबा, हळद्या बोलला." हळद्या खरंच बोललेला असायचा, त्यामुळे रागावताही यायचं नाही. पण एकदा मी खरंच चिडलो. म्हटलं, "मामा, तुम्ही पाखरं बघत नाही, पळता." त्यांचा पाय तेवढा हलत राहिला.

पाचव्या वर्षी कळंब्याच्या तलावाकाठी त्यांच्या हातून एक चूक झाली. दिवस मावळताना त्यांनी घाईघाईनं खडकाळ जागेत ट्रॉली लावली. सकाळी एक टिटवी आमच्या डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली. मामा खाली वाकून बघतात तो चाकामागं वीतभर अंतरावर खड्यांत चार अंडी, खड्यांच्याच रंगाची. ज्यानं आयुष्यभर पाखरं बघितली, त्यानंच टिटवीच्या दारात ट्रॉली उभी केली होती. पुढं चर होता. ट्रॉली निघणार ती मागंच, आणि मागं घेताना ट्रॉलीचं चाक कुठं वळेल याची खात्री अख्ख्या कागलात मामांइतकी कुणाला नसेल. पण त्यांनी ट्रॅक्टरला हात लावला नाही.

"उचलून जरा बाजूला ठेवू का?" मी विचारलं.

"हात लावू नगासा! जागा बदलली तर ती परत बसायची न्हाय."

ट्रॅक्टर सोडवून त्यांनी भावाकडं पाठवून दिला, कारण पेरणीआधी त्याला नांगरट करायची होती. स्वतः पंचवीस-तीस पावलांवर बाभळीखाली खाट टाकून बसले. शेळ्या आल्या की हाकलायचे, कुत्री आली की खडा मारायचे. पहिल्या दोन दिवसांत त्यांनी खाटेभोवती इतक्या फेऱ्या मारल्या की गवत मोडून पायवाट पडली. टिटवी अंड्यांवर बसायची आणि हलायची नाही. दुपारच्या उन्हात चोच उघडी टाकून बसायची. मी घरी परतलो, आणि संगीता नि मी रोज संध्याकाळी स्कूटरवरून डबा घेऊन जायचो.

एका संध्याकाळी टिटवीकडं बघत ते अचानक संगीताला म्हणाले, "तुझी आई आजारी हुती, तवा तीन दिवस दवाखान्यात बसलो मी. चौथ्या दिवशी ती म्हणाली, 'जावा, चा पिऊन या.' म्या गेलो. खाली गुलमोहरावर हळद्या हुता, तो बघत हुबा ऱ्हायलो. वर आलो तर ती न्हवती." मग टिटवीकडं बोट करून म्हणाले, "ही बघ, कशी बसलीया. मला एवढं बी जमलं न्हाय."

संगीताला चहाचं माहीत होतं, हळद्याचं नव्हतं. ती डब्याचं झाकण लावत राहिली. मला मागं चिडून बोललेलं माझं 'पळता'चं वाक्य आठवलं आणि माझी मलाच लाज वाटली.

अठराव्या दिवशी पिल्लं बाहेर आली आणि त्याच दिवशी काड्यांसारख्या पायांवर आईमागं पळत तलावाकडं गेली. "जन्मली न्हाईत तवर निघाली!" मामा हसले. मग ताडपत्रीची घडी घालत माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुमची ती खोली हाय न्हवं अजून? खिडकी कुठल्या बाजूला हाय?"

ते आमच्याकडं आले आणि आठ वर्षं राहिले. शांत झाले म्हणाल तर मुळीच नाही. शहरातली एकही बाग त्यांनी सोडली नाही. सिटी बसचे कंडक्टर त्यांना नावानं ओळखायचे. घरी टीव्ही बघतानाही पाय चालूच, खालच्या मजल्यावरच्या बाई वर येऊन तक्रार करून गेल्या होत्या. हळद्या दिसला की मात्र ते मान फिरवायचे.

शेवटच्या आजारात ते दवाखान्यात होते तेव्हा दुपारी मी त्यांच्याजवळ बसायचो. आयुष्यभर खुर्चीत बसलेला मी, पण त्या खुर्चीत मला बसवेना. सारखा घड्याळाकडं बघायचो, सलाइनकडं बघायचो. एकदा ते डोळे मिटूनच म्हणाले, "पावणं, जावा, चा पिऊन या."

मी खुर्ची पुढं ओढली. "मला नको चहा."

"जावा की. मगाधरनं पाय हलवालायसा नुसता. बघवंना मला."

मी खाली पाहिलं. माझा पाय खरंच हलत होता. मी तो हातानं दाबून धरला आणि म्हणालो, "मामा, माझे हाल बघवत नाहीत म्हणून मला पाठवताय ना?"

"मग काय तर!"

"मग त्या दिवशी मामींनी तुम्हाला का पाठवलं असेल?"

त्यांनी डोळे उघडले. छताकडं बघत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "व्हय की वो." आणि पुन्हा, "व्हय की."

मग म्हणाले, "आता तरी जावा."

मी गेलो. खाली टपरीवर उभा राहून चहा घेतला. अर्धा कप तसाच ठेवून जिने चढत वर आलो. दारातूनच पाहिलं, चादरीखाली त्यांचा पाय हलत नव्हता. जवळ जाऊन नाकापाशी बोट धरलं. ऊन ऊन श्वास लागत होता. मामा झोपले होते, गाढ.

त्यानंतर ते नऊ दिवस होते. शेवटच्या सकाळी संगीता आणि मी दोघंही त्यांच्याजवळ बसलो होतो.