दोघांचं दुखणं, एकालाच औषध

लग्नाला तीन वर्षं होऊनही सुकन्याला मूल नव्हतं, आणि दापोडे गावात त्याची चर्चा करायला कुणालाच लाज वाटत नव्हती. सासू सीताबाईने वज्रेश्वरी देवीला नवस बोलला, सुनेला तिथल्या कुंडातल्या गरम पाण्याची अंघोळही घातली. गोदामात उभ्याने पॅकिंग करताना सुकन्याच्या ओटीपोटात कळ यायची, अंगावरून पिवळट पाणी जायचं. नाक्यावरचा डॉक्टर न तपासताच गोळ्या द्यायचा. वर म्हणायचा, "बायकांचं चालायचंच."

एकदा शिफ्टमध्येच तिला थंडी वाजून ताप भरला. सोबतच्या कलावतीने रिक्षात घालून भिवंडीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आतून नीट तपासलं, नमुना तपासणीला पाठवला, लगेच इंजेक्शन देऊन गोळ्या सुरू केल्या. रिपोर्ट आल्यावर म्हणाल्या, "हा गनोरिया. संबंधातून लागतो, मूल न राहण्याचं कारणही हेच असू शकतं. औषधाने जातो, पण गोळ्या अर्धवट सोडायच्या नाहीत. नवऱ्यालाही घेऊन या, नाहीतर पुन्हा होईल. दोघांचं औषध पुरं होईपर्यंत एकमेकांजवळ जायचं नाही."

नवरा प्रितम अंगणात टेम्पो धूत होता. तिने सांगितलं तसा तो पाइप न सोडताच म्हणाला, "मना कशाला औषध? मी तवाच इंजेक्शन घेतलं."

"तवा म्हणजे कधी?"

"लगीन झालं त्याच साली. लघवीला जळजळ व्हत व्हती."

"बायकोला आणा, असं नव्हतं सांगितलं डॉक्टरने?"

"सांगितलं व्हतं." त्याने मान खाली घातली. "लाज वाटली."

सुकन्याचं डोकं सणकलं. आजवर 'अहो' म्हणणाऱ्या तिने नळ बंद केला आणि ओरडली, "लाज तुला वाटली, आणि वांझ मी? तुझी आई चारचौघींत मला बोलायची, तेव्हा तू खुशाल जेवत बसायचास!"

सीताबाई धावत बाहेर आली. "काय गं, काय झालं?"

"विचारा तुमच्या पोराला. मी न्हाय सांगणार. त्यालाच सांगू दे."

प्रितमने चाचरत सांगितलं. "असं कसं रं केलंस," एवढंच सीताबाई म्हणाली. सुनेकडे तिने पाहिलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सुकन्या नवऱ्याला दवाखान्यात घेऊन गेली आणि त्याला इंजेक्शन मिळेपर्यंत दारातून हलली नाही.

पुढे तिची कळ थांबली. गर्भाशयाच्या नळ्यांना किती इजा झाली ते नंतर कळेल, एवढंच डॉक्टरीणबाई म्हणाल्या; खोटा भरवसा दिला नाही. प्रितम अधूनमधून विचारतो, "राग गेला का?"

"न्हाय," ती म्हणते, आणि डबा उचलून ड्युटीला निघते.