समुद्राकडे पाठ

आत्याला एकदा समुद्र पाहायचा होता. ती गंगाखेडची, तिथल्या सगळ्यांसारखी गोदावरीला गंगाच म्हणते. मार्चमध्ये मी तिला पणजीला नेलं. माझ्या वर्तमानपत्रातल्या एका जुन्या सहकाऱ्याची आई तिथल्या जुन्या वस्तीत राहते आणि व्हायोलिन शिकवते. रोज संध्याकाळी शेजारी वाद्यं घेऊन तिच्या ओसरीवर जमतात, आणि आलेला माणूस जेवल्याशिवाय जात नाही. आत्या मासळी खात नाही म्हणून बाईंनी आमच्यासाठी नवी भांडी काढली होती.

आमचं घर लिंगायत. आत्याच्या गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग असतं. गंगाखेडला ती सकाळी कमरेएवढ्या पाण्यात उभी राहते, लिंग डाव्या तळहातावर घेते आणि सूर्याकडे तोंड करून पूजा करते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने समुद्रातही तेच केलं. इथे सूर्य जमिनीकडून उगवत होता. ती किनाऱ्याकडे तोंड करून उभी राहिली.

जीवरक्षकाने शिट्टी मारली. "आजी, पाण्याकडे पाठ करू नका!"

"मग देवाकडं करू का?" आत्या ओरडली. मला म्हणाली, "लय घाबरट हाय रे ह्यो. आमी गंगंत जलमलेली माणसं."

लाट मागून आली. आत्या गुडघ्यांवर पडली. जीवरक्षकाने तिला दंडाला धरून उभं केलं तेव्हा तिचा डावा हात उघडा आणि रिकामा होता.

ओहोटीला कोळ्यांनी टोपल्यांनी वाळू चाळली. शिंपले निघाले, बाटलीचं बूच निघालं. लिंग सापडलं नाही.

आमच्या घरातला नियम असा : लिंग गेलं तर गुरूने नवं बांधेपर्यंत अन्नपाणी नाही. आत्याला साखरेचा आजार आहे. गोळी पाण्याशिवाय जात नाही आणि ती पाणी घेत नव्हती. मी गंगाखेडला तिच्या गुरूंना, महाराजांना, फोन केला. ते म्हणाले, "लिंग बांधायला हात लागतो. फोनवर बांधता येत न्हाई. घेऊन या." इथलाच कुणी जंगम, लिंगायतांचा पुरोहित, शोधू का, असं मी आत्याला विचारलं. "ज्यानं दीक्षा दिली त्यानंच," ती म्हणाली.

बाईंनी पेज केली, शहाळं फोडलं, मग नुसतं कोमट पाणी आणलं. "आत्याबाई, ओठ तरी ओले करा. देव रागावणार नाही."

"तुमचं घर लय चांगलंय," आत्या म्हणाली. "पण न्हाई."

बाहेर शेजारी व्हायोलिन, गिटार घेऊन आले होते. बाईंनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. "पाहुणा उपाशी आहे," एवढंच सांगितलं. ते कुजबुजत पायऱ्या उतरले. त्या गल्लीत कुठल्या तरी घरातून नेहमी सूर येतो. त्या संध्याकाळी आला नाही. आम्ही भाड्याच्या गाडीत बसलो तेव्हा खिडक्यांतून माणसं बघत होती.

सोलापूरपर्यंत आत्या ताठ बसून होती. अंबाजोगाईला तिने डोकं काचेला टेकलं. परळी ओलांडल्यावर मी हाक मारली की ती उत्तर द्यायची, पण दुसऱ्यांदा मारावी लागायची. ड्रायव्हरने मागे वळून पाहिलं आणि गाणं बंद केलं.

उजाडताना गंगाखेड आलं. महाराज घरी येऊन बसले होते. आत्याला धरून अंघोळ घातली. महाराजांनी नवं लिंग तिच्या तळहातावर ठेवलं, कानात मंत्र सांगितला, डबी गळ्यात बांधली आणि तांब्या पुढे केला. तिने गोळी हातात घेतली, आधी पाण्याचा एक घोट घेतला आणि तांब्या खाली ठेवला.

"खारट लागायलंय," ती म्हणाली.

दुसरा तांब्या भरला. मग शेजारच्या घरातून पाणी आणलं. मी पिऊन पाहिलं. पाणी गोड होतं. तिने पुन्हा घोट घेतला आणि मान हलवली.

पणजीहून बाईंचा फोन आला. "घेतलं का हो पाणी त्यांनी?"

गोळी आत्याच्या डाव्या तळहातावर तशीच होती.