दुखायचं थांबल्यावर

आमच्या घराण्यात वकील झाले, शिक्षिका झाल्या, सरकारी कचेऱ्यांत उभं आयुष्य काढलेले काका झाले. कबड्डी खेळणारी मी एकटी. सुलतान बाजारात कापडाच्या दुकानांवरच्या मजल्यावर आम्ही राहायचो. बाबा कोर्टातून आले की माझ्या ढोपरांवरचं खरचटलेलं बघायचे. "आज किती जणींनी ओढलं?" असं विचारायचे आणि मी उत्तर देईपर्यंत पेपर उघडून बसायचे. त्यांना माझ्या खेळाचं कौतुक आहे की नाही, हे मला तेव्हा कधी कळलं नाही.

मी चढाई करायची. समोरच्या सात जणींच्या अंगणात एकटीनं जायचं, कुणाला तरी शिवायचं आणि दम सुटायच्या आत परतायचं. माझ्याकडे फार ताकद नव्हती, पण मला वळता यायचं. कोपऱ्यातली मुलगी पायाला झोंबायला वाकली की मी डाव्या पायावर गर्रकन फिरून मध्यरेषा गाठायची.

त्या दिवशीही तशीच फिरले. बुटानं मॅट घट्ट धरून ठेवली. अंग वळलं आणि पाय जागेवरच राहिला. गुडघ्याच्या आतून बोट मोडल्यासारखा आवाज आला, तो फक्त मलाच ऐकू आला. मला कुणी शिवलंही नव्हतं. पंचांना वाटलं मी घसरले, म्हणून त्यांनी शिट्टीसुद्धा वाजवली नाही.

"मोच है," आमचे कोच म्हणाले. "पट्टी बांध लेंगे, पंधरा दिन में भागती तू."

ते वाईट माणूस नव्हते. त्यांच्या काळात सगळ्यांचं सगळं पट्टीनंच बरं झालं होतं, किंवा झालं नव्हतं आणि ते खेळाडू परत दिसले नव्हते. मला हाड बसवणाऱ्याकडे नेलं. त्यानं तेल लावून, बांबूच्या कामट्या ठेवून पट्टी बांधली. सूज उतरली, दुखायचं थांबलं, मी पुन्हा मैदानावर गेले आणि सरावाच्या पहिल्याच आठवड्यात गुडघा माझ्याखालून सरकला. या वेळी मी ओरडले.

डॉक्टरांनी स्कॅनचा फोटो उजेडासमोर धरला. "गुडघ्यातली दोरी, लिगामेंट, पहिल्या वेळेलाच तुटली होती. दुसऱ्या वेळेला दोन हाडांमधली गादीही फाटली. दोरी मी नवी घालीन. गादीचा तुकडा मात्र काढावा लागेल, आणि ती परत येत नाही." परतताना रिक्षात बाबा माझ्या शेजारी बसले होते. घर येईपर्यंत त्यांनी स्कॅनचा लिफाफा मांडीवर धरून ठेवला.

माझ्याच मांडीमागची शीर काढून तिची दोरी केली आणि हाडांत भोकं पाडून ती बसवली. शस्त्रक्रिया सोपी होती, मी झोपलेली होते. कठीण ते पुढेच होतं.

अंबरपेठेत एका औषधांच्या दुकानावर फिजिओथेरपीचं सेंटर होतं. तिथल्या मॅडम पुण्याच्या. नवऱ्याच्या कंपनीनं इकडे बदली केली म्हणून आलेल्या. माझं मराठी ऐकून पहिल्या दिवशी त्यांना हसू आलं. "तू 'नक्को' म्हणतेस ते फार गोड लागतं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी माझ्या गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली.

"मांडी आवळ."

मी आवळली. काहीच झालं नाही.

"पुन्हा."

दात आवळले गेले, मुठी वळल्या, पोट आत गेलं. मांडी तशीच मऊ, दुसऱ्या कुणाची असावी तशी पडून राहिली. जिच्या जोरावर मी उड्या मारायची तीच ही मांडी. मला घाम फुटला.

"तू प्रयत्न करत नाहीस असं नाही," मॅडम म्हणाल्या. "गुडघा सुजलेला असला की मेंदू मांडीचा स्नायू बंद करून टाकतो. सांध्याला जपायला म्हणून. तुझ्या इच्छाशक्तीचा इथे काही संबंध नाही."

मला ते समजलं, पण पटलं नाही. खेळात आम्हाला उलटंच शिकवलेलं होतं. मनात आणलं तर सगळं होतं, आणि होत नसेल तर मनात खोट आहे. आई माझ्याबरोबर यायची. मांडीवर चिकटवलेल्या पट्ट्यांतून वीज सोडली की स्नायू आपोआप उडायचा. आईनं ते एकदाच पाहिलं, नंतर ती बाहेरच्या बाकावरच बसायला लागली.

शेजारच्या पलंगावर हॉकी खेळणारी एक मुलगी असायची, माझ्याहून थोडी मोठी. ती नामपल्लीला स्टेशनाच्या मागे राहायची. मराठी तिला समजायचं, बोलायची मात्र आपल्याच बोलीत. तिचीही तीच दोरी तुटली होती, शस्त्रक्रिया माझ्यानंतर झाली होती. "मेरी टांग मेरी सुनतीच नै," ती पहिल्या दिवशी म्हणाली आणि एवढी हसली की मलाही हसू आलं. त्या खोलीत हसणारी ती एकटीच होती. तिची मांडी आधी जागी झाली. मी काठी सोडली तेव्हा ती सायकल मारत होती, मी सायकलवर बसले तेव्हा ती हळूहळू पळायला लागली होती.

तिची घाई मला माहीत होती. खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरीची चाचणी होती, आणि वयाच्या अटीमुळे त्या वर्षानंतर तिला बसता येणार नव्हतं. वडील लॉरी चालवायचे. त्यांची नजर गेली होती.

मॅडमनी तिला माझ्यासमोरच समजावलं. "नवी दोरी आधी मेलेली असते. शरीर तिच्यात हळूहळू रक्त नेतं, तिला आपली करून घेतं. ते चालू असताना ती पहिल्यापेक्षा कच्ची होते. दुखत नाही म्हणून तुला ती पक्की वाटते. दुखायचं आधी थांबतं ग, दोरी नंतर तयार होते."

"मॅडम, आप बोल्ते सो सच है," ती म्हणाली. "मगर उमर ठैरती क्या?"

मॅडमनी तिच्या गुडघ्यावरचा बर्फ बदलला.

ती चाचणीला गेली. सरळ धावण्यात ती पहिल्या काही जणींत आली. मग खांबांमधून चेंडू नेत वाकडंतिकडं पळायचं होतं. तिसऱ्या खांबाशी ती पडली.

मी तिला भेटायला गेले ती दुपारची वेळ होती. तिनं पाय लोडावर ठेवला होता. तिची अम्मी चहा देऊन आत निघून गेली. वडील दाराशी खुर्चीवर बसले होते. कोण आलंय ते त्यांनी आवाजावरून ओळखायचा प्रयत्न केला आणि हात वर केला.

"दुसरी शस्त्रक्रिया कधी?" मी विचारलं.

"नक्को. अब किस के वास्ते करना?"

"चालायला. उद्या जिना चढायला."

"चढ लेती मैं." ती छताकडे बघत राहिली. "सब लोगां पूछ रै, कैकू गई. अगर नै जाती, तो बी पूछते, कैकू नै गई."

ती रडली नाही. तिनं माझ्या पायाकडे बघून विचारलं, "तेरा कैसा है?" मी बरा आहे म्हटलं. खरंच बरा होता, आणि त्या खोलीत तो बरा असल्याची मला लाज वाटली.

माझी दोरी टिकली. मॅडमनी घाई करू दिली नाही आणि मला कसली अटही नव्हती. एका पायावरच्या उड्या दोन्हीकडे सारख्या भरल्या, यंत्रावर दोन्ही मांड्यांचा जोर सारखा आला. मॅडम म्हणाल्या, "गुडघा तयार आहे. आता डोकं." कोच खूश झाले. मी मॅटवर उतरले, मध्यरेषा ओलांडली, आणि वळायची वेळ आली तेव्हा डावा पाय वळला नाही. दुखत नव्हता, अडकलाही नव्हता. त्याच्या आधी काहीतरी थांबत होतं. मी उजवीकडूनच परतायला लागले, आणि समोरच्या मुलींना ते दोनच चढायांत कळलं. मग त्या उजवीकडेच उभ्या राहायच्या.

"डरती क्या?" कोचनी विचारलं.

"हौ, सर."

या उत्तरावर काय करायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं. मॅडमना थोडं ठाऊक होतं. त्यांनी मला जाड मॅटवर पडायला शिकवलं, दुसऱ्या मुलींना मला धरायला लावलं, आधी सांगून, मग न सांगता. मला डोळे मिटून वळायला लावलं. भीती कमी झाली, पण गेली नाही. मी एक पूर्ण हंगाम खेळले. बहुतेक चढायांत पकडली गेले.

एका सामन्यात कोचनी मला सुरुवातीच्या सात जणींत घेतलं नाही. राखीव खेळाडूंच्या बाकावर बसले तेव्हा मला हायसं वाटलं. श्वास मोकळा झाला, खांदे उतरले. त्या हायसं वाटण्यानं मी हादरले. गुडघा मोडला त्या दिवशीसुद्धा मला परत खेळायचं होतं.

घरी येऊन बाबांना सांगितलं, खेळ सोडते. ते जेवत होते.

"नक्की?"

"नक्की."

"बरं." त्यांनी भातावर वरण घेतलं, कालवलं आणि खाल्लं नाही. "आता कोर्टात विचारतील सगळे. प्रत्येक सामन्याचं सांगायचो मी त्यांना."

आई उठून स्वयंपाकघरात गेली.

आता मी एका कंपनीत नोकरी करते, दिवसभर खुर्चीवर बसून. गादीचा तुकडा नाही, त्यामुळे हाडावर हाड घासतं. डॉक्टर म्हणतात, हा गुडघा तुझ्याहून वीस वर्षांनी मोठा आहे. सकाळी जिना उतरताना मी कठडा धरते. कुणी विचारलं तर सांगते, झोप नीट झाली नाही.

यंदा नामपल्लीच्या प्रदर्शनात ती हॉकीवाली भेटली. गर्दीत तिनंच मला हाक मारली. ती एका खाजगी शाळेत खेळ शिकवते. करून दाखवता येत नाही, तोंडानं सांगते. वडील गेले. दुसरी शस्त्रक्रिया झालीच नाही. हॉकी टीव्हीवर लागली की ती दुसरं काहीतरी लावते.

"तू देखती क्या, कबड्डी?"

"नै," मी म्हणाले.

आम्ही उभ्या उभ्या मिरची भजी खाल्ली. मागून लोक ढकलत होते आणि दोघींनाही धक्क्याची धास्ती होती. "बाजू से चल," ती म्हणाली. भिंतीच्या कडेकडेनं, एकमेकींचा दंड धरून आम्ही दरवाज्यापर्यंत आलो. तिला आधी रिक्षा मिळाली. आत बसताना तिनं तो पाय दोन्ही हातांनी उचलून आत घेतला, आणि मग माझ्याकडे बघून हात हलवला.